मालकाची व्याख्या

माझ्या हातून आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय. दावे, कैफियती, नोटिसा, जामिनाचे अर्ज, आणि एकदा कोर्टातल्या शिपायाच्या मुलीची लग्नपत्रिकासुद्धा. त्यातल्या एकाच ओळीची मला लाज वाटते. ‘मालक म्हणजे ज्याचे नाव सातबारा उताऱ्यावर आहे तो.’ शाळकरी पोरालाही पटावी इतकी सरळ ओळ. या ओळीपायी माझ्या आत्याचं माहेर तुटलं, आणि मला ते परत जोडता आलं नाही.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. माहेर कुंडलच्या अलीकडचं, उसाचं गाव. तिथं मला वकीलबाई म्हणतात. त्यात निम्मा मान असतो आणि निम्मी चेष्टा. मला दोन्ही आवडायचं. बापाच्या गावात मान मिळवायचा तर बाईला एक तर मरावं लागतं नाहीतर निवडून यावं लागतं. मी ही दोन्ही कामं न करता तो मिळवला होता, याची मला घमेंड होती असं म्हटलं तरी चालेल.

मधे एक काळ असा आला की गावात चोऱ्यांनी उच्छाद मांडला. माणूस सकाळी उसाला पाणी द्यायला विहिरीवर जायचा तर मोटार जागेवर आणि केबल गायब. ओढ्याकाठी रबर जाळल्याची काळी राख पडलेली, आतलं तांबं घेऊन चोर पसार. मग स्टार्टर जायला लागले, ठिबकच्या नळ्या जायला लागल्या. पोलीस येत, राखेकडे बघत, चहा पिऊन जात. शेवटी लोक म्हणाले, आपणच आपले नियम करू, राखणदार ठेवू, ग्रामसभेत ठराव करून टाकू. सरपंचांचा मला फोन आला. “वकीलबाई, नेम तुमी लिव्हा. समद्यास्नी कळंल आसं लिव्हा, पर कायद्यावानी दिसू द्या.”

मी हुरळून गेले. नवा कायदा नुकताच आला होता, कलमांचे आकडे बदलले होते आणि आम्ही सगळे वकील म्हातारपणी पुन्हा पाठांतराला बसलो होतो. आकडे बदलले तरी चोरी तीच होती. दोन रविवार मी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसले. आमच्या कायद्याची मराठी अशी की मराठी माणसाला दुभाषा लागावा. जंगम मालमत्ता, फौजदारीपात्र अतिक्रमण, आगळीक. ती सगळी मी सोलून काढली. चोरी म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय, लबाडीच्या हेतूनं, त्याची वस्तू हलवणं. संमती म्हणजे मालकाचा होकार. झाडाचं फळ किंवा उभं पीक जमिनीला धरून आहे तोवर ते जमिनीचाच भाग. तोडलं की ती वस्तू झाली आणि तिची चोरी होऊ शकते. हे मोठ्या कायद्यातच आहे, मी फक्त उसाचं उदाहरण घातलं. आणि मग ती मालकाची ओळ. ती लिहून झाल्यावर मी नवऱ्याला वाचून दाखवली होती. तो म्हणाला, छान आहे, भाजी करपतेय.

शिक्षा काय ठेवायची यावर घोळ होता. गावानं दंड घेतला तर तो कुठल्या अधिकारात, हा प्रश्न मला ठाऊक होता. म्हणून मी शक्कल लढवली. जो सापडेल त्याचं नाव ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर आठ दिवस लिहायचं. पाणी सुटायच्या वेळा आणि बाळांना डोस द्यायचा दिवस ज्या फळ्यावर लिहितात, त्याच फळ्यावर. तसा तोही अधिकार गावाला नव्हताच. समोरच्या वकिलानं तो ठराव माझ्या हातात दिला असता तर कोर्टात मी पाच मिनिटांत त्याच्या चिंध्या केल्या असत्या. पण तो माझा होता ना. आपला तो बाब्या.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. मी माइकवर एकेक व्याख्या वाचली. ‘आगळीक’ शब्दाला लोक हसले. मागून कुणी ओरडलं, “म्हंजी खोडी काढणं का ओ?” मी म्हटलं, होय, दुसऱ्याच्या मालाची खोडी. पुन्हा हशा झाला. मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठीवर जोर देऊन उठले. पंचायतीचे सदस्य म्हणून त्यांनी कधीकाळी दोन-तीन खेपा काढल्या होत्या. म्हणाले, “आवं वकीलबाई, मालकाचं समजलं. पर तोंडी दिल्यालं आसतंय, त्येचं काय?”

मी म्हटलं, “आजोबा, ‘तोंडी’ घातलं की पळवाट झाली. उद्या केबल नेणाराही म्हणेल, मला तोंडी दिली होती.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारे म्हणाले, “तसंबी हाय म्हणा,” आणि खाली बसले. मी त्या टाळ्यांवर खूश होऊन पुढचं कलम वाचायला लागले.

म्हातारे कशाबद्दल विचारत होते हे मला कळलं नव्हतं असं नाही. आमच्याकडं बाप गेला की बहिणी भावाच्या नावावर हक्कसोड करून देतात. वाट्याची जमीन सोडल्याचा कागद. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठा उठवायचा, बाहेर हॉटेलात भाऊ भजी-जिलेबी खाऊ घालतो, साडी नेसवतो, सगळ्यांचे डोळे भरून येतात आणि बहिणीचं नाव उताऱ्यावरून जातं. आमच्या गावात याला एक जोड होती. हक्कसोड करताना बहीण एक झाड मागून घ्यायची. बांधावरचा आंबा, शेवगा, जांभूळ, जे तिच्या मनात असेल ते. कागदावर त्याचा काही पत्ता नसायचा. पण गावाला ठाऊक असायचं की हे अमक्याच्या बहिणीचं झाड. ती येईपर्यंत त्या झाडाला कुणी हात लावत नसे.

माझ्या आत्यानं चिंच मागितली होती. वडिलांच्या, म्हणजे आमच्या आण्णांच्या, मळ्याच्या पूर्वेच्या बांधावरची. आत्याला माण तालुक्यात दिलेली. साताऱ्याचा तो कोरडा भाग. तिकडं उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. तिचा नवरा फौजेत होता, सुभेदार होऊन आला. दोन वर्षं ती त्याच्याबरोबर छावणीत राहिली होती आणि त्या दोन वर्षांवर तिनं उरलेलं आयुष्य फौजी भाषा फेकली. “टैम म्हंजी टैम”, “आर्डर म्हंजी आर्डर”. उंच, काटक, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर गावठाणातली कुत्री उठून उभी राहावीत.

शिमग्याच्या आधी चिंच पिकली की ती यायची. विट्याला गाडी बदलून, हातात रिकामी पोती घेऊन. आण्णा फाट्यावर तासभर आधीच सायकल घेऊन उभे. गाडी लागली की भांडण सुरू: तू वाळलास, तू काळी पडलीस, तुझ्या सुना खायला घालत न्हाईत व्हय. दोन दिवस ती आकडीनं चिंचा झोडपायची आणि पुढचे चार दिवस सोप्यात बसून त्या फोडायची. चिंचोके वेगळे, मीठ लावून गोळे वेगळे. निम्मे गोळे माझ्या आईच्या मडक्यात भरून मगच आपल्या पोत्याला हात घालायची. आई म्हणायची, “आवं वन्सं, निम्म्यावर निम्मं कशाला?” आत्या म्हणायची, “गप गं. भावाच्या ताटात आमटी आळणी कशापायी?”

आण्णा गेले, मग आई गेली. हक्कसोडीचा कागद माझ्यापुढं आला. मी सही केली. झाड मागितलं नाही. मला ते जुनाट वाटलं. मी कमावती, शिकलेली, मला चिंचा-आंबे कशाला हवेत? दादाला म्हटलं, सगळं तुझं, आनंदानं घे. दादाला हायसं वाटलं. माझा भाऊ वाईट नाही. भित्रा आहे. मुलींच्या हक्काच्या बातम्या वाचून गावोगावचे भाऊ धास्तावलेत, तसा तोही. त्यात त्या चिंचेच्या सावलीत उसाच्या दोन सऱ्या खुरटायच्या आणि ऊस तोडायचं मशीन बांधापाशी वळायचं नाही. तो एकदा मला म्हणाला होता, “झाड तिचं, जमीन माझी, हे कुठवर चालायचं गं? उद्या तिची पोरं म्हणत्याल, झाडाखालची जागाबी आमची.” मी हसण्यावारी नेलं.

ठराव लागू झाल्यावर महिन्याभरात फळ्यावर पहिलं नाव आलं. केबल चोराचं नव्हे. गावात जमीन नसलेल्या एका बाईनं शेळीसाठी दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापलं होतं. मी रविवारी गावी गेले तेव्हा तिचं नाव खडूनं लिहिलेलं पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. नियम चालतोय, असं आलं. त्या बाईचा चेहराही मला आठवत नाही.

पुढच्याच आठवड्यात आत्या आली. आण्णा गेल्यापासून यायची तशी, न कळवता. दादा कारखान्यावर गेला होता, वहिनी दवाखान्यात. घराला कुलूप बघून ती थेट मळ्यात गेली. गोठ्याच्या वळचणीला आकडी होतीच. पंच्याहत्तरीची बाई, पदर खोचून झोडपायला लागली. नवा राखणदार दुसऱ्या गावचा. त्यानं विचारलं, मालक कोण? आत्या म्हणाली, “मी.” त्यानं उताऱ्यांची यादी काढली, त्यात तिचं नाव नव्हतं. त्यानं तिला अर्धं भरलेलं पोतं घेऊन ग्रामपंचायतीत आणलं. त्याची काय चूक? त्याच्या हातात माझा कागद होता.

सरपंचांचा फोन आला तेव्हा मी कोर्टात होते. तारीख मागून घेतली आणि गाडी काढली. पोचले तेव्हा पंचायतीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं. आत्या बाकावर ताठ बसलेली, पोतं पायाशी. दादा भिंतीला टेकून उभा. मला बघून आत्याचा चेहरा उजळला. “आली बघा वकील माझी,” ती म्हणाली.

सरपंच बिचारे घामाघूम झाले होते. म्हणाले, “वकीलबाई, इषय काय न्हाई. मालकानं व्हय म्हटलं की झालं. संमती. तुमीच लिव्हलंय.” मग दादाकडं वळले. “काय ओ, तुमची संमती हुती का न्हाई?”

सगळ्यांनी दादाकडं पाहिलं. आत्यानं नाही पाहिलं. तिला खात्री होती. ती आपल्या पदराला चिकटलेली चिंचेची सालं काढत होती. दादाला एक शब्द बोलायचा होता. तो मोबाईलकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, “मला कुणी इचारलं न्हवतं.”

आत्याचे हात थांबले.

मी पुढं झाले. आता मी काय करायला हवं होतं ते मला रोज सुचतं. तो ठराव घेऊन सगळ्यांसमोर फाडायचा आणि सांगायचं की याला कवडीची किंमत नाही, गवत कापणाऱ्या बाईचं नावही चुकीनं लिहिलं, मी चुकले. एवढंच. पण त्या हॉलमध्ये माझ्या नावाचा दबदबा होता आणि तो मला सोडवेना. मी वकिली केली. म्हटलं, “व्याख्येत लबाडीचा हेतू लागतो. आत्याचा तसा हेतूच नव्हता. माल न्यायचा उद्देश नसेल तर ती चोरी—”

“हुता की,” आत्या म्हणाली. “न्यायचाच उद्देश हुता. पोती कशाला आणलीत मग?”

कुणीतरी हसलं. मी तिला खुणेनं गप्प बस म्हटलं. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की ही पोरगी आपल्याला खोटं बोलायला का सांगतेय. चाळीस वर्षं आपलं म्हणून जे नेलं, ते न्यायचं नव्हतंच म्हणून कसं सांगायचं? माझा बचाव तिथंच संपला.

सरपंच म्हणाले, “जाऊ द्या, घरचंच हाय, सोडून द्या.” माणसं उठायला लागली. तेवढ्यात दारातून आवाज आला. त्या गवतवाल्या बाईचा नवरा होता. तो ओरडला नाही, साधंच बोलला. “आमच्या बायकूचं नाव आठ दीस ऱ्हायलं फळ्यावर. तवा कोण म्हणालं न्हाई, घरचं हाय म्हणून.”

उठलेली माणसं जागीच थांबली. आत्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. मग सरपंचांना म्हणाली, “बरूबर हाय त्येचं. आर्डर म्हंजी आर्डर. लिव्हा माझं नाव.”

मी म्हटलं, आत्या, असं काही नको. दादा म्हणाला, “आत्या, आगं ऱ्हाऊ दे.” आता त्याच्या तोंडातून शब्द फुटले. आत्या त्याला म्हणाली, “तू गप. तुझ्या बापाचं गाव हाय. न्याव येकाला येक आन् दुसऱ्याला येक आसा नगो.” शिपायानं खडू आणला. त्यानं नाव काय लिहू विचारलं तेव्हा ती सासरचं नाव सांगत होती आणि मधेच थांबली. म्हणाली, “माहेरचं लिव्ह. हितं मला त्याच नावानं वळखत्यात.” बापाच्या नावासकट तिनं ते पूर्ण सांगितलं. माझ्या आजोबांचं नाव त्या फळ्यावर चढताना मी पाहिलं.

पोतं तिनं तिथंच ठेवलं. घरी चल म्हटलं तर नाही म्हणाली. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी तिला गाडीत घातलं आणि माणकडं निघाले. विटं मागं पडलं. पुढं माळरान लागलं, मेंढरांचे कळप दिसायला लागले, तेव्हा म्हणाली, “तू कुठलं झाड मागितलंस गं?”

“मी नाही मागितलं, आत्या. मला काय करायचंय झाड?”

ती सीटवर माझ्याकडं वळली. मग म्हणाली, “येडी का खुळी तू. झाड चिच्चा खायाला आसतंय व्हय? आमच्या गावाच्या बाजारात चिच्चा न्हाईत? आगं बाईला बिनबोलावता यायला कायतरी कारण लागतंय. भाऊ हाय तवर भाऊ बोलावतुय. भाऊ गेल्यावर कोण बोलावणार? भाच्याच्या दारात उगंच कसं जायाचं? म्हणून झाड. माझं हाय, मी न्याया आलीय, कुणाच्या उपकारानं न्हाई. दोन दीस भावाच्या आंगणात बसायला मिळतंय.” थोड्या वेळानं म्हणाली, “तू शिकलीस, तुला वाटलं आसंल न्हाई लागत.”

मी रस्त्याकडं बघत गाडी चालवली. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, “आत्या, मी ठराव बदलून घेते. तोंडी दिलेला हक्क घालते त्यात. पुढच्या शिमग्याला तू ये, मी स्वतः तुझ्याबरोबर झाडाखाली उभी राहते.” ती म्हणाली, “बरं.” लहान पोरानं चंद्र आणून देतो म्हटल्यावर म्हणतात तसं बरं.

त्या संध्याकाळी परत येऊन मी दादाशी भांडले. जन्मात बोलले नव्हते असं बोलले. तो म्हणाला, “तूच लिव्हलंस की. मी कायद्याबाहेर काय बोललू?” त्यावर मी आणखी मोठ्यानं बोलले. वहिनी स्वयंपाकघरात रडत होती.

ठराव मी खरंच बदलून घेतला. तीन महिने लागले. मालकाच्या व्याख्येला पुस्ती जोडली: ‘तसेच ज्या व्यक्तीस झाड, वाट अगर पाणी वापरण्याचा हक्क बोलीने दिलेला असून तो गावास माहीत आहे ती व्यक्ती.’ फळ्यावर नाव लिहायचं कलम काढून टाकलं. त्या गवतवाल्या बाईच्या घरी जाऊन माफी मागितली. तिनं चहा केला, फार बोलली नाही. ग्रामसभेत या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. ते काठीवाले म्हातारे तोवर अंथरुणाला खिळले होते. पण ही सगळी दुरुस्ती झाली तोवर दादानं मशीनवाल्याला बोलावून बांध सपाट केला होता. चिंच दोन दिवसांत कापली. झाड त्याच्याच जमिनीत, त्याच्याच नावावर. माझ्या जुन्या व्याख्येप्रमाणं त्यात गैर काहीच नव्हतं, आणि नवी यायची होती.

झाड गेल्याचं मी आत्याला सांगितलं नाही. तिला कुणीतरी सांगितलंच असणार. बातम्यांना गाडी बदलावी लागत नाही. शिमगा आला, ती आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, गुडघं धरल्यात. पुढच्या पावसाळ्यात तिला मिरजेला दवाखान्यात आणलं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांची माणसं शेवटी मिरजेलाच जातात. मी तिथं तिला सुधारलेला ठराव वाचून दाखवला. हसू नका, मला दुसरं काय नेता येणार होतं? तिनं पूर्ण ऐकला. ‘बोलीने दिलेला’ या शब्दांवर मान हलवली. “ग्वाड लिव्हलंयस,” म्हणाली. मग विचारलं, “पोरगं बरं हाय का तुझं? आन् त्यो?” ‘त्यो’ म्हणजे दादा. मी म्हटलं, बरा आहे, येतो म्हणालाय. तो तसं म्हणाला नव्हता. तिनं उशीवरचं डोकं माझ्याकडून भिंतीकडं वळवलं.

ती गेल्याचा फोन पहाटे आला. दादाला मीच कळवलं. तो मला तालुक्याच्या स्टँडवर भेटला तेव्हा त्याच्या हातात साडी होती. आमच्याकडं बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते. सासरचं कितीही असो, चितेवर जाताना अंगावर माहेरचं लुगडं. भाऊ नसेल तर भाच्यानं आणायचं. सकाळी सहाला त्यानं ओळखीच्या दुकानदाराला उठवून शटर उघडायला लावलं होतं. हिरवी, मोठ्या काठांची. वाटेत तो दोनदा म्हणाला, “तिला हिरवं आवडायचं न्हवं?” मी हो म्हटलं. त्या वेळी माझा त्याच्यावरचा राग कुठं गेला होता मला ठाऊक नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आत्याला न्हाऊ घालून झालं होतं. बायका आमची वाट बघत थांबल्यात असं मला वाटलं, पण तिच्या अंगावर साडी नेसवलेली होती. कडेला विरलेली, तिची स्वतःची नेहमीची. दादा साडी हातात धरून पुढं गेला. तिचा थोरला मुलगा, आमचा आतेभाऊ, फौजेतून निवृत्त झालेला, आडवा आला. रागानं नाही. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आईनं सांगून ठिवलंय. माहेरचं काय आंगावर घालू नगासा म्हणाली. मागनं कोण कागद इचारंल.”

दादा तसाच उभा राहिला. कुणीतरी त्याला बाजूला घेतलं, कारण ताटी उचलायची होती. माती झाली, लोक पांगले. परतताना गाडीत तो माझ्या शेजारी बसला, साडी मांडीवर. माळ संपेपर्यंत तिची घडी सारखी करत होता. मग लहानपणी आईकडं माझी तक्रार घेऊन जायचा त्या आवाजात म्हणाला, “माहेरच्या साडीला आसं न्हाई म्हणता येतंय का गं त्यास्नी? कायद्यात?”

“येतं,” मी म्हटलं.